नावाची नक्कल झाली तर काय करायचं? छोट्या ब्रँडवाल्यांसाठी ट्रेडमार्क आणि पासिंग ऑफ, पायरीपायरीनं

रजिस्ट्रेशन केलं नव्हतं म्हणून आता नाव गेलं असं समजून गप्प बसलेले धंदेवाले खूप भेटतात, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून गल्ल्याच्या मागे लावलंय म्हणजे आता आपल्याला कोण हात लावतो असं समजणारेही तेवढेच. दोघंही चुकतात. आपल्याकडचा कायदा म्हणजे ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९, जो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याच्या कलम २७ मध्ये दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्यात. पहिली, रजिस्टर न केलेल्या मार्कसाठी इन्फ्रिंजमेंटचा, म्हणजे रजिस्टर मार्कचा हक्क मोडल्याचा, दावा लावता येत नाही. दुसरी, पण पासिंग ऑफचा, म्हणजे कोणी आपला माल तुमचा म्हणून खपवतोय याचा, दावा लावायचा हक्क हा कायदा काढून घेत नाही. म्हणजे रजिस्ट्रेशन नसलं तरी दार बंद नाही, फक्त त्या दारातून आत जायला पुरावा जास्त लागतो. आणि तो पुरावा नक्कल झाल्यावर तयार होत नाही, तो आधीपासून साठवलेला असावा लागतो. या लेखात बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण पुराव्याच्या फाईलीचा भाग नक्की वाचा.

पुढच्या सगळ्यासाठी एक उदाहरण धरू. समजा सांगलीजवळच्या गावात एक ताई कांदा-लसूण मसाला करतात, ब्रँडचं नाव 'तिखटराव'. नाव मी उदाहरणापुरतं बनवलंय. लाल पाकीट, त्यावर पिवळ्या फेट्यातला मिशीवाला. चार वर्षं धंदा चांगला चालतो आणि एक दिवस इचलकरंजीच्या दुकानात 'तिखटरावजी' नावाचं लाल पाकीट दिसतं, मिशीवाला तसाच, फक्त फेटा केशरी.

आधी दोन दाव्यांमधला फरक

मार्क रजिस्टर असेल तर दावा इन्फ्रिंजमेंटचा. तिथे कोर्ट मुख्यतः तुमचा रजिस्टर झालेला मार्क आणि समोरच्याचा मार्क बघतं, सारखेपणा ठरला की त्यानं पॅकिंगचा रंग वेगळा ठेवलाय, किंमत कमी आहे, खाली स्वतःचा पत्ता छापलाय, या गोष्टींनी त्याची सुटका होत नाही. पासिंग ऑफमध्ये मात्र याच गोष्टींमुळे तो सुटू शकतो. हा फरक सुप्रीम कोर्टानं १९६५ साली दुर्गा दत्त शर्मा विरुद्ध नवरत्न फार्मास्युटिकल या केसमध्ये मांडला आणि आजही तोच धरून चालतात.

पासिंग ऑफसाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, बाजारात तुमचं नाव झालंय, लोक ते नाव किंवा ते पाकीट बघून तुमचाच माल समजतात. दोन, समोरचा अशा पद्धतीनं विकतोय की गिऱ्हाईक फसेल. तीन, त्यानं तुमचं नुकसान झालंय किंवा व्हायची शक्यता आहे. इंग्लंडमध्ये १९९० साली लिंबाच्या रसाच्या बाटलीवरून हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत भांडण गेलं होतं, बाटलीचा आकार प्लॅस्टिकच्या लिंबासारखा होता. 'जिफ'वाल्यांनी केवळ त्या आकाराच्या जोरावर पासिंग ऑफची केस जिंकली. हे तीन मुद्दे त्याच निकालातून आपल्याकडच्या कोर्टांत रुळले.

आणि मराठी धंदेवाल्यांनी तरी तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' वाल्या केसचं नाव लक्षात ठेवावं, सुप्रीम कोर्ट, २०१५. रजिस्ट्रेशन असलेल्या माणसापेक्षा जो आधीपासून नाव वापरतोय त्याचा हक्क वरचढ, हे तिथे स्पष्ट सांगितलं. कलम ३४ मध्येही तेच आहे. त्यामुळे 'त्यानं आधी रजिस्टर केलं' हे वाक्य ऐकून घाबरू नका, आधी विचारा की वापर कोणाचा आधीचा.

नाव ठरवतानाच अर्धी केस ठरते

लोकांना असं नाव आवडतं जे वाचल्यावर माल काय ते कळेल. 'शुद्ध घाणा तेल', 'घरगुती चटणी', 'झणझणीत मसाला'. विकायला सोपं जातं, पण सांभाळायला अवघड, कारण मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव सांगणारे शब्द कलम ९ खाली अडकतात. असा शब्द वर्षानुवर्षं वापरून तुमचाच झाला तर संरक्षण मिळू शकतं, 'सुपर कप' चहाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २००४ साली ही शक्यता मान्य केलीय, पण तो लांबचा रस्ता आहे. नवा शब्द बनवा, किंवा असा शब्द घ्या ज्याचा त्या मालाशी सरळ संबंध नाही.

आमच्या तिखटरावचं काय? अधलंमधलं नाव आहे. 'तिखट' कोणाच्या मालकीचं होऊ शकत नाही, 'राव' पण नाही, जोडून केलेला शब्द मात्र चालू शकतो. उद्या कोणी 'तिखटबाई' आणलं तर ताईंना फारसं काही करता येणार नाही आणि त्यांनी त्यावर पैसेही घालवू नयेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं व्हिस्कीच्या वादात हेच केलं, 'ब्लेंडर्स प्राइड' वाले 'लंडन प्राइड' वर गेले होते आणि कोर्टानं मनाई दिली नाही, 'प्राइड' हा शब्द एकट्याचा नाही म्हणून, मार्क पूर्ण बघायचा, तुकडे तोडून नाही.

आडनावाचा ब्रँड आपल्याकडे फार. आडनावावर कायद्यात सरळ बंदी नाही, पण कलम ३५ खाली दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल तर त्याला अडवता येत नाही. 'प्रामाणिकपणे' वर सगळं अडतं. किर्लोस्कर नावावरून नव्वदच्या दशकात मुंबई हायकोर्टात वाद झाला होता, तिथे नावाची ख्याती इतकी मोठी होती की दुसऱ्या कंपन्यांना ते आपल्या कंपनीच्या नावात वापरायची मनाई कोर्टानं कायम ठेवली. तुमचं आडनाव जोशी किंवा पाटील असेल आणि धंदा दोन तालुक्यांपुरता असेल तर तशी अपेक्षा ठेवू नका, आडनावाला दुसरा वेगळा शब्द जोडा.

गावाच्या नावाचंही तसंच. हापूस, कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर यांना जीआय, म्हणजे गावाशी किंवा भागाशी जोडलेल्या मालाची सरकारी नोंद, मिळालेला आहे. ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं, एकट्याचा ब्रँड नाही. जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा आणि ब्रँडचं नाव वेगळं ठेवा, दोन्ही एकत्र छान चालतात.

सर्च करा, नीट करा

ट्रेडमार्क रजिस्ट्री ज्या सरकारी ऑफिसाखाली येते त्या आयपी इंडियाच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. बहुतेक जण तिथे नाव टाइप करतात, 'नो रेकॉर्ड' आलं की खूश. असं नाही चालत. वर्डमार्क सर्चमध्ये 'कंटेन्स' लावून शब्दाचा छोटा तुकडा टाका, मग फोनेटिक म्हणजे उच्चारावरून सर्च करा, रोमन लिपीत मराठी नाव चार प्रकारे लिहिलं जातं ते सगळे प्रकार टाका, एका ए च्या जागी दोन ए, व्ही च्या जागी डब्ल्यू, शेवटी एच असलेलं आणि नसलेलं. क्लास बदलून पण बघा. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ क्लास आहेत, मसाले ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, ताजी फळं ३१ मध्ये, दुकानातून विक्रीची सेवा ३५ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. मसाल्याच्या माणसानं २९, ३० आणि ३५ तरी बघावेत.

मग साइट सोडून बाहेर या. गुगल, इन्स्टा, मोठी शॉपिंग ॲप्स, तुमच्या भागातली किराणा दुकानं. कारण पासिंग ऑफ ज्याच्याकडून होऊ शकतं तो माणूस रजिस्टरवर असेलच असं नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. कंपनीचं नाव एमसीएमध्ये म्हणजे कंपनी मंत्रालयात पास झालं, शॉप ॲक्ट झालं, छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी झाली, एफएसएसएआयचा म्हणजे खाद्यपदार्थांच्या लायसन्सचा नंबर मिळाला, डोमेन विकत घेतलं, यातल्या कशानंही नावावर ट्रेडमार्कचा हक्क येत नाही. हां, हे सगळे कागद तारखेचा पुरावा म्हणून भारी उपयोगी आहेत.

अर्ज

फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन भरता येतो. फी प्रत्येक क्लासला, व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. छोटा उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम सर्टिफिकेट जोडा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथले अर्ज मुंबई ऑफिसला जातात, अँटॉप हिलला आहे ते. वकील किंवा एजंट असेल तर त्याला अधिकारपत्र सही करून द्यावं लागतं, त्याला टीएम-४८ म्हणतात.

अर्जदार कोण, हे घरात बसून शांतपणे ठरवा. धंदा ताईंचा पण अर्ज नवऱ्याच्या नावावर, बिलं तिसऱ्याच फर्मच्या नावावर, असं खूप घरांत असतं आणि सगळं गोडीत चाललेलं असतं तोवर कोणाला काही वाटत नाही. गुजरातच्या रामदेव मसाल्याच्या घरातलं भांडण २००६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, भावाभावांची फाटाफूट झाल्यावर ब्रँड कोणाचा यावरून. पार्टनरशिप असेल तर डीडमध्ये एक ओळ घाला की फर्म मोडली तर नाव कोणाकडे जाईल. फुकटात होणारं काम आहे.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे वापर कधीपासून हा रकाना. अजून सुरू केलं नसेल तर 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' लिहा. सुरू केलं असेल तर पहिली तारीख लिहा आणि त्यासोबत ॲफिडेव्हिट आणि पुरावे द्यावे लागतात. इथे दोन टोकं दिसतात. काहीजण कटकट नको म्हणून चार वर्षांचा वापर असताना प्रपोज्ड लिहून मोकळे होतात, आणि नंतर कोर्टात समोरचा वकील तोच अर्ज उघडून म्हणतो की बघा साहेब, यांनीच सांगितलंय की अर्जाच्या दिवशी वापर नव्हता. काहीजण आजोबांचं नाव घेऊन १९७२ लिहितात आणि कागद असतो २०१९ चा. सिद्ध करता येईल तेवढीच जुनी तारीख लिहा.

शब्द आणि लोगो वेगळे फाइल करणं परवडत असेल तर उत्तम. एकच परवडत असेल तर मी शब्द आधी करा म्हणेन, कारण लोगो दोन-तीन वर्षांनी बदलतोच. आपल्याकडे अजून एक, देवनागरीतलं पाकीट विकत असाल तर देवनागरी रूप कसं कव्हर होतंय ते फाइल करतानाच विचारा.

अर्ज गेल्यावर स्टेटस बघत राहायचं. 'फॉर्मॅलिटीज चेक पास', मग 'मार्क्ड फॉर एक्झाम', आणि मग बऱ्याचदा 'ऑब्जेक्टेड'. ऑब्जेक्टेड दिसल्यावर घाबरू नका, नकार नाहीये तो, एक्झामिनेशन रिपोर्ट आलाय, कलम ९ म्हणजे शब्द वर्णनात्मक वाटतोय, कलम ११ म्हणजे कोणाशी तरी जुळतोय. उत्तर द्यायला रिपोर्ट मिळाल्यापासून एक महिना असतो. ईमेल तुमच्या एजंटला जातो आणि त्यानं बघितला नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो, त्यामुळे महिन्यातून दोनदा स्वतः स्टेटस बघा, ॲप्लिकेशन नंबर टाकला की झालं.

पास झालं की ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापलं जातं, जर्नल दर सोमवारी येतं. तिथून चार महिने कोणीही अपोझिशन, म्हणजे रजिस्ट्रेशनला विरोध, घालू शकतो. अपोझिशन आलं तर त्याची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत काउंटर स्टेटमेंट, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, द्यायचंच, इथे मुदतवाढ मिळत नाही, चुकलं की अर्ज गेला. सगळं पार पडलं की रजिस्ट्रेशन अर्जाच्या तारखेपासून मोजून दहा वर्षांसाठी, मग रिन्युअल, ऑनलाइन ९,००० एका क्लासला, आणि तिथे छोट्यांना सवलत नाही.

पाकिटावर टीएम अर्जाआधीसुद्धा लिहू शकता. गोलातला आर मात्र रजिस्ट्रेशन झाल्यावरच, आधी लावला तर कलम १०७ खाली दंड आहे.

पुराव्याची फाईल

खरी मेहनत इथे आहे आणि इथेच सगळे आळस करतात. पासिंग ऑफमध्ये तुम्हाला सांगायचं असतं की अमुक तारखेपासून हे नाव घेऊन मी माल विकतोय आणि लोक मला ओळखतात. कोर्ट विचारतं, कागद?

सगळ्यात मोठी गडबड बिलात. ताईंचं चार वर्षांचं बिलबुक आणलं आणि उघडून बघितलं तर प्रत्येक बिलावर 'मसाला २०० ग्रॅम, ५० नग'. ब्रँडचं नावच नाही! वर फर्मचं नाव, समजा 'श्री गणेश गृहोद्योग'. चार वर्षं विक्री झाली हे त्यातून सिद्ध होतं, पण तिखटराव विकलं हे होत नाही. आजच टॅलीमध्ये किंवा ज्या ॲपवर बिलिंग करता तिथे आयटमचं नाव बदला, 'तिखटराव कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅम' असं पूर्ण. पाच मिनिटांचं काम.

फाईलमध्ये अजून काय हवं ते सांगतो. पाकीट छापणाऱ्या प्रेसची बिलं, शक्यतो डिझाइनच्या प्रूफसकट, यातून पाकिटाचं रूप कुठल्या वर्षी कसं होतं ते कळतं. दर वर्षाचं एक सीलबंद पाकीट, ज्यावर बॅच आणि पॅकिंगची तारीख आहे, खोक्यात बाजूला ठेवून द्यायचं. जाहिरातीची बिलं, पेपरातली कात्रणं, भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनातल्या स्टॉलच्या पावत्या आणि स्टॉलचे फोटो ज्यात बोर्ड दिसतोय. ऑनलाइन जाहिरातींचे इनव्हॉइस. आणि सीएकडून दर वर्षी एक सर्टिफिकेट, या ब्रँडखाली विक्री किती आणि जाहिरातीवर खर्च किती. नंतर एकदम सात वर्षांचं मागितलं की सीए पण वैतागतो आणि आकडे पण जुळत नाहीत.

लोगो कोणी काढला? फ्रीलान्सरनं काढला असेल तर त्याच्याशी लेखी असाइनमेंट करा, म्हणजे चित्राचे हक्क तुमच्या नावावर करून घ्या. पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपोआप तुमचा झाला असं प्रत्येक वेळी नसतं. मिशीवाल्याच्या चित्राचा कॉपीराइट तुमच्याकडे लेखी असेल तर नक्कल करणाऱ्याविरुद्ध तो दुसरा दावा होतो, नावाचं काहीही होवो. कॉपीराइट रजिस्टर करायचा तर लेबलसारख्या कलाकृतीला आधी टीएम-सी फॉर्मवर ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं सर्च सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

गोंधळाचा पुरावा सोन्यासारखा. कोणी व्हॉट्सॲपवर लिहिलं की 'ताई यावेळचा मसाला खराब लागला' आणि चौकशी केल्यावर कळलं की तो 'तिखटरावजी' होता, तर ते चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि फोन बदलताना बॅकअप ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, जुलै २०२४ पासून, आधी त्याला ६५बी म्हणायचे आणि कोर्टात अजूनही तोंडात तेच येतं. खरं तर कोणी फसलंच पाहिजे अशी अट नाही, फसायची शक्यता पुरते, पण एक खरं चॅट दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा भारी पडतं.

नक्कल दिसली, आता?

भांडायला जाऊ नका, दुकानदाराला दमही देऊ नका. विकत घ्या. बिलासकट, दोन-तीन पाकिटं, वेगवेगळ्या दुकानांतून, आणि एकही फोडू नका. मांडणीचा फोटो घ्या, विशेषतः तुमच्या मालाशेजारी ठेवलाय का ते दिसेल असा.

मग तुलना. घरचे सगळे दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून फरक शोधत बसतात, फेटा केशरी आहे, मिशी थोडी आखूड आहे. कोर्ट तसं बघत नाही. १९७२ मध्ये पारलेच्या ग्लुको बिस्किटांच्या रॅपरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शेजारी ठेवून बघायचं नाही, मुख्य रूप एकूणात सारखं वाटतंय का ते बघायचं. १९६३ च्या अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा केसमध्ये कसोटी होती ती साधारण समजेच्या, अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाची. घरून मुलाला 'फेटेवाल्याचा मसाला आण' म्हणून पाठवलं तर तो काय घेऊन येईल, इतकं साधं. औषध असेल तर कोर्ट अजून कडक, २००१ च्या कॅडिला केसमध्ये मलेरियाची दोन औषधं होती, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, आणि तिथे सुप्रीम कोर्टानं जी मुद्द्यांची यादी दिली, मार्कचं स्वरूप, मालाचं स्वरूप, घेणारा कोण, घेतो कसा वगैरे, ती आज प्रत्येक वकिलाच्या दाव्यात असते.

फक्त रंगावर केस लढायची असेल तर दोनदा विचार करा. कोलगेटला २००३ मध्ये लाल-पांढऱ्या रंगसंगतीवर दिल्ली हायकोर्टानं अँकरविरुद्ध मनाई दिली, पण तिथे वर्षानुवर्षांचा वापर होता. उलट आयटीसीनं डायजेस्टिव्ह बिस्किटांच्या पिवळ्या-निळ्या पाकिटावरून ब्रिटानियाला अडवलं आणि २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं ती मनाई उठवली, कारण इतक्या थोड्या महिन्यांत रंग म्हणजे तुमचाच ब्रँड असं लोकांच्या डोक्यात बसलं हे पटलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, समोरचा तुमच्याआधीचा तर नाही ना. रजिस्ट्रीवर त्याचा अर्ज शोधा आणि त्यात वापराची कुठली तारीख टाकलीय ते बघा. खाण्याच्या मालावर एक सोपी युक्ती आहे, पाकिटावरच्या एफएसएसएआयच्या १४ आकड्यांत चौथा-पाचवा आकडा म्हणजे लायसन्स कुठल्या वर्षी काढलं ते. ११५ च्या पुढे २३ दिसलं तर महाराष्ट्रातलं २०२३ चं लायसन्स. त्यानं आधी दुसऱ्या लायसन्सवर विकलं असेल ही शक्यता राहतेच, पण अंदाज येतो. तो आधीचा निघाला तर नोटीस पाठवू नका, उलट स्वतःचं बघा.

आणि उशीर करू नका. लक्ष्मणरेखा खडूच्या केसमध्ये, २००४, सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसता उशीर झाला म्हणून मनाई नाकारता येत नाही, विशेषतः समोरच्याची नियत खोटी असेल तर. पण माहीत असून पाच वर्षं सलग गप्प बसलात आणि त्यानं मार्क रजिस्टर करून घेतला, तर कलम ३३ तुमच्या आड येतं. आणि आतापर्यंत झोपला होतात तर आता घाई कसली, असा प्रश्न तातडीची मनाई मागताना पहिल्याच दिवशी येतो.

नोटीस पाठवायची की नाही

ऑनलाइन माल असेल तर आधी त्या शॉपिंग साइटच्या तक्रार फॉर्मवर जा. तिथे रजिस्ट्रेशन नंबर असला की काम लवकर होतं, पासिंग ऑफचं सांगितलं की बहुतेकदा कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. रजिस्ट्रेशनचा सगळ्यात रोखठोक फायदा मला विचाराल तर हाच.

नोटीस साधी, थंड डोक्यानं लिहिलेली हवी. आमचा वापर कधीपासून, विक्री किती, तुमच्या पाकिटात काय काय उचललंय, इतक्या दिवसांत थांबा, उरलेल्या मालाचं काय करणार ते लिहून द्या. रजिस्टर नसलेला मार्क रजिस्टर आहे असं सांगून धमकी देऊ नका. इन्फ्रिंजमेंटच्या बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचाच कलम १४२ खाली तुमच्यावर दावा टाकू शकतो. फेसबुकवर 'या चोरापासून सावधान' टाकणं तर अजिबात नको, मूळ भांडण राहतं बाजूला आणि बदनामीची केस सुरू होते.

कधीकधी नोटीस न पाठवणंच शहाणपणाचं. समोरचा अगदी हुबेहूब पाकीट छापत असेल, तुमचा पत्तासुद्धा उचलला असेल, तर नोटीस मिळाल्याच्या रात्री माल टेम्पोत भरून गायब होतो. अशा वेळी थेट कोर्टात जाऊन त्याला न कळवता मनाई आणि कमिशनर किंवा रिसीव्हर मागायचा, जो जाऊन गोदामातला माल, छपाईचे रोल, बिलं ताब्यात घेतो. मुंबई हायकोर्टात कोर्ट रिसीव्हर हे काम करतो. करणारा कोण हेच माहीत नसेल तर 'अशोक कुमार' नावानं दावा टाकतात, म्हणजे कोणीही असो, सापडेल त्याला ऑर्डर लागू.

कोर्ट

ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, कलम १३४. वादाची किंमत ३ लाख किंवा वर असेल तर कमर्शियल कोर्ट. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, फक्त तातडीची मनाई खरंच मागत असाल तर त्यातून सूट. म्हणून वर म्हटलं की उशीर करू नका, सहा-आठ महिने बसून राहिलात की 'तातडी' हा शब्द पोकळ वाटायला लागतो.

कुठे दावा लावायचा यात फरक आहे आणि इथे लोक आपटतात. इन्फ्रिंजमेंटचा दावा तुम्ही तुमच्या गावात, जिथे तुमचा धंदा आहे तिथे लावू शकता. पासिंग ऑफला ती सोय नाही, समोरचा जिथे राहतो-धंदा करतो तिथे, किंवा जिथे त्यानं माल विकला तिथे. त्यामुळे सांगलीत त्याचं पाकीट विकत घेतल्याचं बिल हे नुसतं बिल नसतं, सांगलीत केस चालवायचा आधार असतो.

तात्पुरत्या मनाईला कोर्ट तीन गोष्टी बघतं, वरवर बघता केस दिसतेय का, मनाई दिली-नाही दिली तर कोणाचं जास्त बिघडतं, आणि पैशानं भरून न येणारं नुकसान होतंय का. चौथी न लिहिलेली गोष्ट म्हणजे तुम्ही काही लपवलंय का. रजिस्ट्रीसमोर ऑब्जेक्शनला उत्तर देताना तुम्हीच लिहिलं असेल की आमचा मार्क अमक्यापेक्षा वेगळा आहे, आणि आता त्याच्यासारख्याच मार्कवर दावा टाकताय, तर ते उत्तर समोरचा काढतोच. स्वतःहून सांगून टाका. अहमदाबादच्या 'मुक्तजीवन कलर लॅब'च्या केसमध्ये, २००२, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पासिंग ऑफची केस दिसत असेल तर लगेच मनाई द्यायला हवी, समोरच्याची फसवायची नियत सिद्ध व्हायची वाट बघत बसायची नाही. ही केस रजिस्टर नसलेल्या छोट्या धंद्यांच्या फार कामाची आहे. शेवटी नुकसानभरपाई किंवा त्यानं कमावलेल्या नफ्याचा हिशोब, यातलं एक मागता येतं. पण मनाई मिळाली की बहुतेक वाद तिथेच मिटतात.

पोलीस

कलम १०३ आणि १०४ खाली खोटा मार्क लावणं आणि तसा माल विकणं गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धाड टाकायला डीवायएसपी किंवा त्यावरचा अधिकारी लागतो, आणि त्याआधी त्याला रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. हुबेहूब बनावट मालाला हा रस्ता ठीक, 'रावजी' लावलेल्या सारख्या नावाला नाही, तिथे पोलीस सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवतात आणि खरं सांगायचं तर बरोबरच करतात.

त्यानं आधीच रजिस्टर करून ठेवलंय

होतं असं. तर कलम ५७ खाली रेक्टिफिकेशन, म्हणजे ते रजिस्ट्रेशन रद्द किंवा दुरुस्त करायचा अर्ज, रजिस्ट्रीत किंवा हायकोर्टात. आधी यासाठी आयपीएबी नावाचं वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. तो मार्क नुसता अडवून ठेवलाय आणि वापरत नाही असं असेल तर रजिस्ट्रेशननंतर पाच वर्षं तीन महिने वापर नाही म्हणून कलम ४७ खाली काढायला लावता येतो. जर्नलमध्ये छापलेलं चार महिन्यांत पकडलं असतं तर हेच काम अपोझिशनमध्ये २,७०० रुपये फीत झालं असतं, म्हणून जर्नल वॉचची, म्हणजे जर्नलमध्ये तुमच्यासारखं नाव आलं की कळवणारी, स्वस्त सर्व्हिस घ्या किंवा निदान महिन्यातून एकदा आपल्या नावाचा सर्च मारा.

तडजोड करताना

नोटीसनंतर किंवा पहिल्या ऑर्डरनंतर समोरच्याचा फोन येतो, दादा मिटवून टाकू. मिटवा, पण फोनवर नाही. दावा लागला असेल तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटी, करून कोर्टात दाखल करा, म्हणजे उद्या त्यानं मोडलं तर अवमानाची कारवाई मागता येते, नवीन केस लागत नाही. त्यात नाव आणि पाकीट दोन्ही सोडतोय असं चित्रासकट लिहा, नुसतं नाव सोडतोय लिहिलं तर तो 'झणकेराव' नावानं तोच मिशीवाला परत आणतो. उरलेला माल किती, कुठल्या तारखेपर्यंत संपवायचा की नष्ट करायचा, छपाईचे सिलिंडर कोणाकडे द्यायचे, त्याचा रजिस्ट्रीतला अर्ज तो किती दिवसांत मागे घेणार, इन्स्टाचं हँडल आणि डोमेन कोणाकडे, आणि पुन्हा केलं तर रक्कम किती, हे सगळं त्यात हवं. सिलिंडरचं लोक नेहमी विसरतात, आणि ते प्रेसमध्ये पडून राहिले की पुढच्या दिवाळीला तेच पाकीट तिसऱ्याच माणसाच्या नावावर बाजारात येतं.